तुरीच्या गोडाऊनला 'नॅनो लवंग तेल' मारायचं का? एका बाटलीचा हिशोब

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. औशाकडची तुमची शेतकरी कंपनी, गोडाऊनला ३० टन तूर आणि बाजूला दहा-बारा पोती हरभऱ्याचं बियाणं. दरवर्षी मृग लागला की भुंगा सुटतो, धुरीच्या गोळ्यांचा वैताग आलाय, आणि आता एक जण 'नॅनो लवंग' म्हणून बाटली घेऊन आलाय. ५ टक्के तेलाची बाटली, लिटरभर पाण्यात ५ मिली टाका, एवढं पाणी एका टनावर फवारा, विष नाही, वास नाही, सहा महिने बघायला नको. तुम्ही विचारलंय की हे गोळ्यांच्या जागी चालेल का, आपलं आपल्याला बनवता येईल का, आणि डाळीला वास येईल का.

मी साठवणीतल्या किडींवर पंधरा-सोळा वर्षं काम करतोय, त्यातली पहिली सात-आठ काचेच्या बरण्यांमध्ये किडे मोजण्यात गेली आणि पुढची गोडाऊनमध्ये, आणि या दोन जागांमध्ये किती फरक आहे हे मला जरा उशिराच कळलं. म्हणून उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

गोळ्यांच्या जागी चालणार नाही. बनवता येईल, पण तुम्हाला जे हवंय ते नाही बनणार. आणि वासाचं म्हणाल तर हा माणूस 'वास नाही' म्हणतोय तिथेच मला शंका येते, कारण लवंग तेलात जो वास आहे तेच औषध आहे. युजेनॉल. लवंग तेलात साधारण ७० ते ९० टक्के युजेनॉलच असतं, दाताला लावल्यावर झिणझिणतं तेच, आणि भुंग्याला मारतं तेही तेच. वास शून्य म्हणजे युजेनॉल शून्य. यातून पळवाट नाही, नॅनो करा नाहीतर आणखी काही करा.

आता मुळापासून. आपल्याकडे 'वनस्पती तेल' म्हटलं की सगळी एका पारड्यात पडतात. कडुनिंबाचं तेल, करंज, एरंडेल ही स्थिर तेलं आहेत, कागदावर थेंब टाकला तर डाग वर्षभर राहतो. लवंग, ओवा, गवती चहा, नीलगिरी, दालचिनी, पुदिना, संत्र्याची साल यांची तेलं उडून जाणारी, ती इसेन्शियल ऑईल. कागदावरचा थेंब काही तासांत नाहीतर काही दिवसांत गायब. दुकानदार बऱ्याचदा कडुनिंबाच्या तेलालाही इसेन्शियल ऑईल म्हणून टाकतो, ते चूक आहे आणि दोघांचं काम करायची पद्धतही वेगळी. आपल्याकडे तुरीला, गव्हाला एरंडेल चोळतात ते शास्त्राला धरूनच आहे, किलोला ५ ते १० मिली खाद्यतेल चोळलं की भुंग्याच्या अंड्याला हवा मिळत नाही, ते तिथेच मरतं, शिवाय गुळगुळीत दाण्यावर मादीला अंडं नीट चिकटवता येत नाही. तिथे विषाचा फारसा संबंधच नाही, गुदमरवणं आहे.

इसेन्शियल ऑईलचं काम वेगळं. त्यातले रेणू छोटे, किड्याच्या अंगावरच्या मेणचट थरातून आत जातात, श्वासाच्या छिद्रांतून वाफेनेही जातात, आणि आत गेल्यावर मज्जासंस्थेवर मारतात. युजेनॉल ऑक्टोपामिन नावाच्या संदेशवाहकाच्या वाटेत घुसतं, थायमॉल (ओव्यातलं) गाबा नावाच्या दुसऱ्या संदेशवाहकाच्या रिसेप्टरवर काम करतं, आणि काही तेलं अॅसिटाइलकोलीनइस्टरेज हे मज्जासंस्थेतलं एन्झाइम अडवतात, म्हणजे मॅलॅथिऑन हे कीटकनाशक जिथे मारतं तिथेच, पण खूपच हलक्या हाताने. ऑक्टोपामिनचं महत्त्व किड्यांच्या शरीरात जास्त, आपल्यात नगण्य, म्हणून ही तेलं माणसाला तुलनेने सौम्य असं म्हणतात. तुलनेने हा शब्द सोडू नका. शुद्ध लवंग तेल हातावर सांडलं की कातडी भाजल्यासारखी होते, मी अनुभव घेतलाय. आणि वेखंडाचं उदाहरण आहेच, भुंग्यावर एकदम जबरदस्त, पण त्यातलं बीटा-अॅसरोन उंदरांमध्ये कॅन्सर करतं म्हणून अमेरिकेने १९६८ मध्येच खाण्याच्या पदार्थांत वेखंड बंद केलं. 'नैसर्गिक आहे' एवढ्यावर झोपू नये.

मग एवढं सगळं चांगलं असून ही तेलं गोडाऊनमध्ये का दिसत नाहीत? कारण ती पळतात. नीलगिरीतलं सिनिओल आणि संत्र्यातलं लिमोनीन १७६ अंशांच्या आसपास उकळतात, युजेनॉल २५४ ला. म्हणजे नीलगिरी आणि संत्री पटकन वाफ होऊन सगळीकडे पसरतात आणि तितक्याच पटकन संपतात, लवंग जागेवर बसते पण पोत्याच्या मधोमध पोचत नाही. एक धावणारा आणि एक बसून राहणारा, दोघांपैकी कुणीच तुमचं जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचं काम करत नाही. त्यात लिमोनीन हवेत उघडं राहिलं की ऑक्सिजनशी जुळून बिघडतं, मग अंगाला खाज आणतं. आणि एकही तेल पाण्यात नीट विरघळत नाही, नुसतं पाण्यात टाकून फवारलं तर पंपाच्या पहिल्या झटक्यात अर्धं तेल आणि मागून नुसतं पाणी.

इथे नॅनो येतं. पण नॅनो कुठलं, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण या एका शब्दाखाली दोन पूर्ण वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

एक म्हणजे नॅनोइमल्शन. तेलाचे २० ते २०० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) थेंब पाण्यात, भोवती साबणासारख्या पदार्थाचा थर, बहुतेक वेळा ट्वीन-८० (आईसक्रीममध्येही घालतात ते पॉलिसॉर्बेट). दिसायला दुधासारखं पांढरं नसतं, पारदर्शक किंवा किंचित निळसर झाक असलेलं असतं, बॅटरीचा उजेड टाकला की किरण आत दिसतो. पाण्यात छान मिसळतं, पंप तुंबत नाही, थेंब बारीक म्हणून किड्याच्या अंगावर जास्त ठिकाणी लागतं. हे खरे फायदे आहेत. पण पुढचं कुणी सांगत नाही: पोत्यावर फवारलं, पाणी वाळलं, की ते थेंब एकमेकांत मिसळून शेवटी तेलाचा पातळ थरच उरतो आणि तो पहिल्यासारखाच उडून जातो. साबणामुळे थोडा उशीर लागत असेल, बस. पाणी आहे तोवर नॅनो, पाणी गेलं की साधं तेल. म्हणजे नॅनोइमल्शन हा तेल पोचवायचा मार्ग आहे, तेल टिकवायचा नाही.

दुसरी वस्तू म्हणजे कॅप्सूल, तेलाला घन पदार्थाच्या डबीत बंद करणं. कायटोसानमध्ये (कोळंबीच्या सालपटापासून बनतं, कोकणात ढिगाने फेकतात ती), पॉलिइथिलीन ग्लायकॉलमध्ये, सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये, सच्छिद्र सिलिकामध्ये. यातून तेल हळूहळू झिरपतं आणि टिकणं जे म्हणतात ते इथे आहे. माझ्या डोक्यात कायम बसलेलं उदाहरण २००९ चं आहे, चीनमधल्या संशोधकांनी लसणाचं तेल पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या २४० नॅनोमीटरपेक्षा लहान कणांमध्ये भरलं आणि तांबड्या भुंगेऱ्यावर (पिठातला तो ट्रायबोलियम) वापरलं. पाच महिन्यांनंतरही नॅनोकणांचा परिणाम ८० टक्क्यांवर होता आणि मोकळ्या लसूण तेलाचा ११ टक्के. तेल तेच, किडा तोच, फरक फक्त डबीचा. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठातही इसेन्शियल ऑईल कायटोसानमध्ये भरून साठवणीतल्या धान्यावर बरंच काम झालंय, बुरशी आणि तिच्या अफलाटॉक्सिन नावाच्या विषावर जास्त.

पण डबीची किंमतही आहे. तेल हळू सुटतं म्हणजे पहिल्या दिवशी कमी सुटतं, त्यामुळे पहिल्या २४ तासांत कॅप्सूलवाल्या बरणीत मेलेले किडे बऱ्याचदा साध्या तेलापेक्षा कमी दिसतात. विकणाऱ्याला लगेच मेलेले किडे दाखवायचे असतात, म्हणून तो तुमच्यासमोर इमल्शन मारून दाखवणार आणि माहितीपत्रकात कॅप्सूलचे महिने छापणार. तुमच्या बाटलीत कुठलं आहे हे त्याला विचारा. मी पैज लावतो, इमल्शन आहे.

माझाच एक फजितीचा किस्सा सांगतो. सुरुवातीच्या काळात लवंगेचं नॅनोइमल्शन बनवलं, काय सुंदर निळसर झालं होतं, मशीनवर थेंबाचा आकार मोजून घेतला, शंभरच्या आत, सगळे खूश. बाटल्या कपाटात ठेवल्या आणि महिन्याने काढल्या तर वर काहीच दिसेना, तेल तरंगलेलं नाही म्हणून मी म्हटलं टिकलंय. फवारायला घेतल्यावर शेवटच्या घोटात नळी भरून पिवळं तेल आलं. लवंग तेल पाण्यापेक्षा जड असतं हो! बाकीची बहुतेक तेलं वर येतात, हे खाली बसतं. मी महिनाभर चुकीच्या टोकाला बघत होतो. झालं काय होतं, तर छोट्या थेंबांतलं तेल विरघळून मोठ्या थेंबांत जात राहतं, मोठे आणखी मोठे होतात, यावर उपाय म्हणजे इसेन्शियल ऑईलमध्ये थोडं सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल मिसळून मग इमल्शन करणं, स्थिर तेल पाण्यात अजिबात विरघळत नाही त्यामुळे ते थेंबाला धरून ठेवतं. तुमच्याकडची बाटली दोन-तीन आठवडे न हलवता उभी ठेवा आणि तळाला बॅटरी लावून बघा, वर नाही.

आता लेबलवरचा हिशोब करू, कारण खरी गंमत तिथे आहे. बाटलीत तेल ५ टक्के, त्यातलं ५ मिली म्हणजे तेल पाव मिली. एका टनाला पाव मिली लवंग तेल! साधारण पाच थेंब. आता तुलना करा. एक टन तूर ढिगाला सव्वा घनमीटर जागा धरते, त्यात दाण्यांच्या मधली हवा ४० टक्के धरली तर ५०० लिटर. समजा एखादं तेल लॅबमध्ये एक लिटर हवेला २० मायक्रोलिटरला अर्धे किडे मारतं, मग या ५०० लिटर हवेसाठी १० मिली लागलं. लेबलच्या ४० पट, आणि तेही अर्धेच किडे मारायला, आणि तेही दाण्याने तेल शोषलं नाही असं धरून. दाणा तर शोषतोच. रिकाम्या बरणीत जे तेल भुंग्याला मारतं तेच तेल दाण्यांनी भरलेल्या बरणीत कितीतरी पट जास्त घ्यावं लागतं, कारण वाफ दाण्याच्या सालीवर चिकटून बसते. संशोधनाच्या पेपरमध्ये रिकाम्या बरणीचा आकडा ठळक असतो आणि भरलेल्या बरणीचा असलाच तर शेवटच्या तक्त्यात, मीही तेच करायचो.

अर्धे किडे मरणं हेही नीट समजून घ्या. लॅबमध्ये तुलना करायला ५० टक्क्यांचा आकडा सोयीचा, गोडाऊनला तो बिनकामाचा. तुरीच्या भुंग्याची एक मादी ८०-१०० अंडी घालते आणि पावसाळी उबेत चार आठवड्यांत पुढची पिढी बाहेर. शंभरातल्या पाच माद्या वाचल्या तरी महिन्याने तुम्ही होता तिथेच, कदाचित पुढेच.

आणि भुंगा दिसतो तो किडीचा शेवटचा अंक असतो. मोठा भुंगा खात नाही काही, एक-दोन आठवडे जगतो, जोडी जमवतो, अंडी घालतो, मरतो. नुकसान करते ती अळी, आणि ती अंड्यातून निघाल्या निघाल्या दाण्याला भोक पाडून आत जाते, कोषही आतच. म्हणजे तुम्ही पोत्यावर कितीही फवारा, दाण्याच्या आतल्या अळीला ते बहुतेक पोचतच नाही. वर या किडीची सुरुवात शेतात होते, पिकत आलेल्या शेंगेवर मादी अंडी घालते, तुमची तूर जानेवारी-फेब्रुवारीत गोडाऊनला येते तेव्हा त्यातले काही दाणे आधीच भाडेकरू घेऊन आलेले असतात. म्हणून 'आम्ही तर गोडाऊन स्वच्छ केलं होतं' असं म्हणून डोक्याला हात लावायची पाळी येते. (गव्हातल्या सोंड्याचं आणखी वाईट, ती मादी सोंडेने दाणा कोरून अंडं आतच ठेवते आणि वरून बूच मारते, बाहेर काही दिसतच नाही.)

इसेन्शियल ऑईल कुठे खरंच चांगलं काम करतं तर अंडी घालू न देण्यात आणि ताज्या अंड्यांवर. मारण्यापेक्षा हाकलण्यात. म्हणजे हे स्वच्छ मालाला नवीन भुंगा लागू नये म्हणून आहे, लागलेला भुंगा काढायला नाही. हा फरक ज्याला कळला त्याचे पैसे वाचले.

पाण्याचंही एक बघा. टनाला एक लिटर पाणी म्हणजे ओलावा ०.१ टक्का वाढला, तेवढं चालतं. पण काही लोक संशोधनाचे पेपर वाचून डोस वाढवायला निघतात, तिथे २० ग्रॅम दाण्यांवर १ मिली द्रावण असतं. तेच टनाला केलं तर ५० लिटर पाणी, १२ टक्के ओलाव्याची तूर १६ टक्क्यांवर जाते, मग भुंगा मेला तरी बुरशी तुमची वाट बघतेय. पावडर किंवा कॅप्सूल कोरड्या स्वरूपात असेल तर हा त्रास नाही, म्हणूनही मला कोरडी चीज जास्त आवडते.

मग ३० टन तुरीचं काय करायचं. आधी वाळवणं, कडधान्य ९-१० टक्क्यांवर आणा, दाताखाली कडकन फुटलं पाहिजे. मग जुनी पोती, फटी, पाल्या-कचऱ्याचे कोपरे, मागच्या वर्षीचा सांडलेला माल, बाहेर काढून संपवा, अर्धी कीड तिथूनच येते. माल लाकडी पाटांवर, भिंतीपासून दोन फूट लांब. तामिळनाडू कृषी विद्यापीठाचा प्रोब ट्रॅप मिळतो, छिद्रांची नळी असते, ढिगात खुपसून ठेवायची, भुंगा स्वतःहून त्यात पडतो, आठवड्याला एकदा काढून मोजा. डोळ्याला दिसायच्या कितीतरी आधी तो सांगतो.

आणि गोळी, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाईड. तिच्यातून निघणारा फॉस्फिन वायू दाण्याच्या आत जातो, हे काम आजच्या घडीला कुठलंही सुगंधी तेल करत नाही. तुमचा वैताग मला कळतो, पण तुम्ही सांगितलंत की ताडपत्री तीन दिवसांत काढता आणि खालून फट राहते, तर मग गोळीला दोष नका देऊ. किमान सात दिवस, कडेला वाळूच्या नळ्या ठेवून हवाबंद, आणि परवाना असलेल्या ऑपरेटरकडूनच. अर्धवट गळती झालेल्या धुरीत अर्धमेले वाचतात आणि त्यातूनच प्रतिकारशक्तीवाली पिढी तयार होते, भारतात तांबडा भुंगेरा आणि दाणे पोखरणाऱ्या भुंगेऱ्यात फॉस्फिनला जबर प्रतिकार सापडलेला आहे. राहत्या घरात, घराला लागून असलेल्या खोलीत ही गोळी कधीच नाही. माणसं गेलीत त्याने, झोपेत.

कमी मालाला हवाबंद पिशव्या सगळ्यात सरस. तीन थरांच्या पिक्स पिशवीचा जन्मच चवळीच्या भुंग्यासाठी कॅमेरूनमध्ये झाला, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. आतला ऑक्सिजन किडेच संपवतात आणि स्वतःच थांबतात. तेल नाही, नॅनो नाही, वास नाही. मला विचाराल तर हरभऱ्याच्या बियाण्याला हीच पिशवी घ्या, आणि नॅनोचे पैसे तिकडे लावा. (तूर भरडून डाळ करून ठेवली तरी भुंगा खूप कमी लागतो, मादीला गोल अख्खा दाणाच आवडतो, पण तुमचा भाव बघायचा प्लॅन असेल तर तो तुमचा प्रश्न.)

मग नॅनो कुठेच नाही का? आहे की. धुरी दिल्यावर, किडे संपल्यावर, बाहेरून नवीन येऊ नये म्हणून रिकाम्या पोत्यांना, भिंतींना, पाटांना कॅप्सूलवालं तेल मारणं मला पटतं. बियाण्याला पटतं, तिथे वासाची अडचण नाही, फक्त आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून उगवण बघा, कारण काही तेलं जास्त डोसला अंकुर दाबतात. घरातल्या डब्यात ठेवायच्या छोट्या पुड्या, हळू वास सोडणाऱ्या, तेही चांगलं, किलो-दोन किलोला तो हिशोब बसतो. पॅकिंगच्या कागदात-फिल्ममध्ये तेल भरायचं काम चालू आहे आणि मला वाटतं खरा धंदा शेवटी तिथेच होणार, गोडाऊनच्या फवाऱ्यात नाही.

आपलं आपण बनवायचं म्हणाल तर मिक्सरमध्ये नॅनो होत नाही. मिक्सरमधून येतं ते पांढरं दूध, थेंब हजार नॅनोमीटरच्या वर. लॅबमध्ये अल्ट्रासोनिक प्रोब नाहीतर हाय प्रेशर होमोजिनायझर लागतो. बिनमशीनची एक पद्धत आहे, तेल आणि ट्वीन-८० आधी एकत्र ढवळायचं आणि ते ढवळत्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं, बारीक थेंब आपोआप पडतात. पण त्याला तेलाच्या दुप्पट-तिप्पट ट्वीन लागतं, म्हणजे तुम्ही तुरीला मुख्यतः साबण लावताय. कायटोसानची कॅप्सूल त्याहून अवघड, कायटोसान पातळ अॅसिटिक अॅसिडमध्ये विरघळवा, तेल घोटा, मग सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट थेंब थेंब, पीएच जरा हलला की गुठळ्या. शाळेच्या प्रयोगासारखं करून बघायला मजा येते, ३० टनाला नाही. आणि बनवताना थर्माकोलचे ग्लास वापरू नका, संत्र्याचं तेल थर्माकोल विरघळवतं, आमच्या एका पोराचा ग्लास टेबलावर बसला होता.

कायद्याचं एका परिच्छेदात संपवतो. धान्यावरचे किडे मारायला म्हणून भारतात काही विकायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते, लेबलवर नोंदणी क्रमांक असतो. नॅनो शेती उत्पादनं कशी तपासायची यासाठी जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० च्या जुलैमध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्यात. तुमच्या बाटलीवर क्रमांक नाही आणि 'शंभर टक्के हर्बल' एवढंच आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या माणसाने अमेरिकेत परवानगी आहे म्हणून सांगितलं ना? अर्धं खरं आहे. तिथे लवंग तेलासारखी काही तेलं कमी जोखमीची म्हणून नोंदणीतून सूट मिळवतात, पण सूट मिळते म्हणजे ती चालतात की नाही हे तिथल्या पर्यावरण खात्याने तपासलंय असं नाही.

तरी बाटली घेतलीच असेल तर फेकू नका, तपासा. काचेच्या पाच बरण्या घ्या, प्रत्येकीत पाव किलो स्वच्छ तूर. पहिलीला काही नाही, दुसरीला नुसतं पाणी, तिसरीला लेबलच्या डोसने नॅनो, चौथीला तेवढंच साधं लवंग तेल, पाचवीला तेल न घातलेलं तेच द्रावण. ही पाचवी विकणाऱ्याकडे मागा, खरा माणूस देतो, कारण साबण स्वतःच किडा मारतोय का हे तिच्याशिवाय कळत नाही. पाव किलोला डोस थेंबाच्याही खाली जातो, म्हणून आधी मोठ्या पाण्यात पातळ करून त्यातलं मोजून घ्या. प्रत्येकीत दहा जिवंत भुंगे, तोंडाला मलमलचा कपडा. तीन दिवसांनी मेलेले मोजा, आठवड्याने भिंगाखाली दाण्यावरची पांढरी अंडी मोजा, चाळीस दिवसांनी भोकं मोजा. आणि महत्त्वाचं म्हणजे, पाच बरण्यांचा दुसरा संच त्याच दिवशी औषध लावून महिनाभर तसाच ठेवा आणि मग त्यात भुंगे सोडा. सहा महिने टिकतं म्हणणारा माल महिन्याभरातच काय करतो ते तिथे दिसेल. बहुतेक वेळा तिसरी आणि चौथी बरणी त्या दुसऱ्या संचात सारख्याच निघतात.

वासाचं राहिलं. डाळ मिलला तेलाचं वावडं नाही, तूर भरडताना ते स्वतःच तेल-पाणी लावून ठेवतात. पण मागे एका गोडाऊनमध्ये आम्ही पुरेसा म्हणजे खरंच किडे अडवेल इतका डोस दिला होता, माल छान राहिला, भुंगा नाही, मी मिशीला पीळ देऊन फिरत होतो. खरेदीदाराने मूठभर तूर घेतली, नाकाला लावली आणि विचारलं, हिला मसाला भात लागलाय का. भाव पाडून घेतला. तेव्हापासून मी कुठलाही डोस ठरवायच्या आधी त्यातली वाटीभर तूर भरडून घरी वरण लावायला सांगतो, कुकर उघडल्यावर बायको काय म्हणते ते बघतो आणि मगच पुढचं बोलतो. तुम्हीही तिसऱ्या बरणीतलं नाही, पण टनाला १० मिलीच्या हिशोबाने केलेली एक सहावी बरणी वरणासाठी ठेवा. फक्त तेल खायच्या दर्जाचं असू दे, आणि भुंगे सोडायच्या आधी वाटीभर काढून घ्या.